तळघरातली बाटली

पलंगावर मीना निपचित पडली आहे. शेजारी तिचा नवरा आर्थर होल्मवुड, बाही वर सारलेली, त्याच्या हातातून निघालेली नळी तिच्याकडे गेलेली. डॉक्टर व्हॅन हेल्सिंग दोघांवर लक्ष ठेवून आहे. काम आटोपतं आणि डॉक्टर आर्थरला सांगतो, आता भरपूर पातळ काहीतरी घ्या, चहा घ्या, कॉफी घ्या, वाइन असेल तर फारच छान.

हे वाक्य मी पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले होते. कारण वाइन वगळली तर हेच वाक्य मी सत्तावीस वर्षं म्हणते आहे. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. सुई काढायची, कापूस दाबून हात दुमडायला सांगायचा, दहा मिनिटं आडवं राहू द्यायचं, मग चहा आणि बिस्किटं, आणि वर तेच सांगणं: आज पाणी भरपूर प्या, सरबत घ्या, जड काही उचलू नका. आणि इथे १९५८ सालच्या एका इंग्रजी भुताच्या सिनेमात एक माणूस माझंच बोलणं बोलत होता.

सिनेमाचं नाव ‘ड्रॅक्युला’. हॅमर या ब्रिटिश कंपनीचा, दिग्दर्शक टेरेन्स फिशर. अमेरिकेत तो ‘हॉरर ऑफ ड्रॅक्युला’ या नावाने लागला, कारण तिथे १९३१ सालचा जुना ‘ड्रॅक्युला’ लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला होता. क्रिस्टोफर ली ड्रॅक्युला, पीटर कुशिंग व्हॅन हेल्सिंग. ८२ मिनिटांचा खेळ, जिमी सँगस्टरची पटकथा. टेम्स नदीच्या काठी ब्रे इथे एका जुन्या मोठ्या घराचा स्टुडिओ केलेला होता, तिथे तो उभा राहिला.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९८६ साली, सांगलीत, आमच्या वाड्याच्या माडीवर. मी आठवीत होते. तेव्हा रात्रभरासाठी भाड्याने व्हीसीआर आणायची पद्धत होती. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि चार कॅसेटी, सगळं मिळून घरात यायचं, शेजारपाजारचे जमायचे आणि पहाटेपर्यंत सिनेमे चालायचे. त्या रात्री तीन हिंदी होते आणि एक हा, थोरल्या चुलतभावाने हट्टाने आणलेला. दोन हिंदी संपेपर्यंत निम्मी मंडळी आडवी झाली होती. आजी मात्र भिंतीला टेकून जागी. इंग्रजीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं, आणि मलाही फारसं नाही. तरी आम्ही दोघींनी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, आणि आज मागे वळून बघते तर वाटतं की तिने तो माझ्यापेक्षा पुष्कळ बरा पाहिला.

मी त्या रात्री फक्त ड्रॅक्युला पाहिला. दुसरं कोण बघणार? तो पहिल्यांदा दिसतो जिन्याच्या वरच्या टोकाला, नुसती काळी आकृती. संगीत कडाडतं, आपण अंग आवळून घेतो. आणि तो भराभर पायऱ्या उतरून जवळ येतो तर काय, एक उंच, देखणा, खानदानी माणूस पाहुण्याचं स्वागत करतो आहे. सुखरूप पोचलात, बरं वाटलं, म्हणतो. पाहुणा म्हणजे जोनाथन हार्कर, ग्रंथालयाची व्यवस्था लावायला आलेला, म्हणजे निदान तसं सांगून आलेला. ड्रॅक्युला त्याचं सामान स्वतः उचलतो, खोली दाखवतो, घरचा यजमान बोलेल तसं बोलतो. आणि बाहेर पडताना दाराला बाहेरून कुलूप लावतो.

लीचं वय तेव्हा ३५, उंची साडेसहा फुटांच्या आसपास. सुरुवातीला हार्करशी जे काही बोलणं होतं तेवढंच त्याचं बोलणं. पुढच्या अख्ख्या सिनेमात तो एक शब्द उच्चारत नाही. पडद्यावरही तो मोजकी मिनिटं आहे. पण घरातल्या माणसांच्या बोलण्यावागण्यात तो सतत असतो. रात्री खिडकी कोण उघडतं, दिवसा कोण झोपून राहतं, गळ्याला रुमाल कुणी गुंडाळला आहे. घरात एखादं दुखणं शिरलं की त्याचं नाव घेतलं नाही तरी सगळ्यांच्या हालचाली बदलतात, तसं ते आहे.

वाडा तर लख्ख. मला वाटलं होतं कोळिष्टकं असतील, वटवाघळं असतील. तसं काही नाही. पीळदार खांब, स्वच्छ फरशी, मांडून ठेवलेलं जेवण. बर्नार्ड रॉबिन्सनने हे सेट बांधले, थोड्या जागेत आणि थोड्या पैशांत, आणि त्यातलेच काही लगोलग दुसऱ्या सिनेमासाठी फिरवून वापरले गेले. हार्कर वाड्याकडे येतो तेव्हा त्याला एवढंच खटकतं की इथे पक्षी गात नाहीत, आणि पूल ओलांडून आत शिरताच एकदम गारवा वाढला. बस्स. तारीख आहे ३ मे १८८५. मे महिन्यात गारवा वाढतो आणि पक्षी गप्प, यापेक्षा जास्त भीती घालायची गरजच काय?

मग येतो तो ग्रंथालयातला प्रसंग. एक स्त्री हार्करकडे मदत मागत येते आणि त्याच्याच मानेला चावते. दार धाडकन उघडतं. दारात तोच सभ्य यजमान, पण डोळे लालबुंद, तोंड रक्ताने माखलेलं, सुळे बाहेर. टेबलावरून झेप घेऊन येतो. १९३१ सालच्या सिनेमात सुळे एकदाही दाखवले नव्हते. इथे दाखवले, तेही रंगात. आजीने तेव्हा माझ्या मनगटाला धरलं होतं, ते मात्र लख्ख आठवतं.

(सुळ्यांवरून एक गोष्ट सांगायची राहू नये. मूळ कादंबरी लिहिणारा ब्रॅम स्टोकर रिचर्ड बर्टन या प्रवाशाला ओळखत होता, आणि बोलताना बर्टनचा ओठ वर जाऊन सुळा कसा खंजिरासारखा चमकायचा हे त्याने लिहून ठेवलं आहे. हा बर्टन तोच, ज्याने आपल्या वेताळाच्या गोष्टी १८७० साली इंग्रजीत नेल्या आणि वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटलं. आपला वेताळ कोडी घालतो, चूक पकडतो आणि झाडावर परत जाऊन लटकतो. गोव्यात आमोण्याला, लोलयेला तो गावाचा राखणदार देव आहे. रक्तपिपासू हे नाव त्याला चिकटायला नको होतं, असं मला मनापासून वाटतं.)

आता रक्ताबद्दल, कारण तो माझा विषय आहे.

सिनेमा सुरू होतो तो दगडी गरुडावर. नावं सरकत असतात, कॅमेरा हळूहळू खाली तळघरात उतरतो, एका दगडी शवपेटीवर थांबतो, तिच्यावर नाव कोरलेलं. आणि त्या नावावर वरून रक्ताचे थेंब पडतात. लाल, तेजस्वी, कुंकवासारखे लाल. ते कुठून पडले, कुणाचे, याचा खुलासा सिनेमा कधीच करत नाही. जेम्स बर्नार्डने ड्रॅक्युला या नावाच्या तीन अक्षरांवर तीन स्वर बसवले आहेत, तुतारीसारखी वाद्यं ते स्वर ओरडून म्हणतात.

खरं रक्त असं दिसत नाही. शिरेतून पिशवीत येणारं रक्त गडद असतं, जांभळाकडे झुकणारं, पिकलेल्या करवंदाच्या रसासारखं. नळीत ते काळपटच दिसतं. नव्याने कामाला लागलेली मुलं पहिल्या दिवशी हेच विचारतात, इतकं काळं कसं? त्यामुळे हॅमरच्या त्या भडक रक्ताला खोटं म्हणून हसणं माझ्या धंद्यातल्या माणसाला सगळ्यात सोपं. मी नाही हसत. जॅक ॲशर या छायालेखकाने अख्खा सिनेमा तपकिरी, राखाडी, निळसर, मंद सोनेरी रंगांत ठेवला आहे आणि लाल रंग राखून ठेवला आहे. घरात कामाला आलेल्या बाईने कपाटातली एकच वस्तू उचलावी आणि तीच नेमकी मोलाची निघावी, तसा तो लाल रंग येतो. तेव्हाच्या ब्रिटिश सेन्सॉरच्या वाचकाने पटकथा वाचून रंगीत रक्ताबद्दलच तक्रार केली होती, की व्हॅम्पायरांनी इतकं सांडत-लवंडत जेवायची काय गरज आहे. सिनेमाला मोठ्यांसाठीचं ‘एक्स’ प्रमाणपत्र मिळालं, कात्रीही लागली. पण त्या वाचकाला मुद्दा बरोबर कळला होता. काळ्यापांढऱ्या सिनेमात रक्त हा एक डाग असतो. इथे ते पदार्थ झालं. कुणाचंतरी, अंगातून निघालेलं, वाया जाणारं.

वाया जाणारं रक्त बघवत नाही मला. एक पिशवी ३५० मिलिलीटरची, त्यात गोठू नये म्हणून द्रव, दोन ते सहा अंशांवर ठेवायची, आणि तरी ३५ दिवसांनंतर ती वापरता येत नाही. मुदत संपलेली पिशवी टाकायला काढताना दर वेळी मला त्या दात्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न करावासा वाटतो.

म्हणूनच तो रक्त देण्याचा प्रसंग माझ्यासाठी या सिनेमाचं काळीज आहे. स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीत रक्त लूसीला दिलं जातं, आणि एकाचं नाही, चार पुरुषांचं, एकामागून एक. आर्थर, डॉक्टर सीवर्ड, स्वतः व्हॅन हेल्सिंग आणि क्विन्सी मॉरिस. तरीही ती वाचत नाही. आज कुणीही म्हणेल, चौघांचं रक्त गट न बघता घातलं, वाचेल कशी? पण गट कुणाला माहीत होते! कार्ल लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला तो १९०१ साली. त्याआधी लंडनमध्ये जेम्स ब्लंडेल या डॉक्टरने १८१८ पासून माणसाचं रक्त माणसाला देण्याचे प्रयत्न केले होते. बाळंतपणात अति रक्तस्राव होऊन मरणाऱ्या बायका त्याला बघवत नव्हत्या. १८२९ साली अशाच एका बाईला त्याने वाचवलं. म्हणजे १८८५ साली एखाद्या डॉक्टरने नळी जोडणं अशक्य नव्हतं, पण तो जुगार होता. पुष्कळदा ज्याला रक्त दिलं तोच थंडी वाजून, कंबर धरून, काळी लघवी होऊन जायचा.

सिनेमाने चौघांचा एक केला. लूसी इथे आर्थरची बहीण, तिला रक्त मिळत नाही, ती जाते. मीना त्याची बायको. तिच्या वेळी व्हॅन हेल्सिंग आर्थरला विचारतो आणि आर्थर बाही वर करतो. एवढंच.

एवढंच, पण मला ते केवढं वाटतं हे कसं सांगू? रक्तपेढीच्या खिडकीत रोज नातेवाईक येतात. चिठ्ठीवर दोन पिशव्या लिहिलेल्या असतात. बदल्यात कुणी देणार का, असं विचारलं की पाठीमागची माणसं एकेक करून कमी होतात. ‘माझं वजन कमी आहे’, ‘मला उद्या कामावर जायचंय’, ‘आमच्यात चालत नाही’. घरातल्या कर्त्या पुरुषाचं रक्त कमी व्हायला नको म्हणून त्याची आईच त्याला मागे ओढते, आणि आत तिचीच सून झोपलेली असते. मी कुणाला दोष देत नाही. सुईची भीती खरी असते, आणि रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. आपली भाषाच बघा ना, रक्त आटवणं, रक्त पिणं, रक्ताचं पाणी करणं. सगळं जाण्याचंच. देण्याचा एक वाक्प्रचार आठवत नाही.

आणि हा आर्थर साधासुधा दाता नाही. अर्धा सिनेमा त्याने डॉक्टरवर अविश्वास दाखवण्यात घालवला आहे. लूसीशी लग्न ठरलेल्या हार्करच्या मृत्यूची बातमी घेऊन व्हॅन हेल्सिंग आला तेव्हा त्याने त्याला धड उभंही केलं नव्हतं. मायकेल गॉफने तो ताठा फार नेमका दाखवला आहे. शिकलेल्या घरातला, स्वतःच्या घराची व्यवस्था आपल्या हातात आहे असं मानणारा माणूस, ज्याला बाहेरच्याने सांगितलेलं ऐकणं म्हणजे कमीपणा वाटतो. बहीण गेल्यावर तो वाकतो. मग तो रात्रभर व्हॅन हेल्सिंगबरोबर घराबाहेर थंडीत पहारा करतो. दोघे बागेत उभे, डोळे घराकडे. आणि संकट आतच असतं. सकाळी मीना मानेवर जखमा घेऊन पलंगावर सापडते.

पुढे जे होतं ते सँगस्टरच्या पटकथेतलं सगळ्यात सुंदर वळण आहे, आणि त्यावर फारसं कुणी बोललेलं मी ऐकलं नाही. रक्त देऊन झालं. डॉक्टरने सांगितलं, पातळ घ्या, वाइन घ्या. दोघे खाली येऊन बसतात, पितात. बाटली संपते. आर्थर गेर्डाला, म्हणजे घरच्या मोलकरणीला, दुसरी आणायला सांगतो. गेर्डा चुळबुळते. बाईसाहेबांनी सांगितलंय, तळघरात अजिबात जायचं नाही.

व्हॅन हेल्सिंग उठून धावत सुटतो. तळघरात शवपेटी असते.

रक्त दिलेल्या माणसाला प्यायला हवं, म्हणून बाटली. बाटलीसाठी तळघर. तळघरामुळे ड्रॅक्युला सापडतो. त्याला शोधून काढलं ते मंत्राने नाही, पोथीने नाही, दात्याची काळजी घेण्याच्या एका साध्या नियमाने. मी हे दहा-बारा वेळा पाहिलं असेल. दर वेळी गेर्डाचं ते वाक्य येतं आणि मला आमच्या चहाच्या किटल्या आठवतात.

गेर्डाबद्दल अजून थोडं. लूसी आजारी असताना व्हॅन हेल्सिंगने खिडक्या बंद ठेवायला सांगितलं होतं, खोलीत लसणाची फुलं ठेवायला सांगितली होती. रात्री लूसी तळमळते, मला श्वास घेववत नाही म्हणते, विनवण्या करते. गेर्डाला दया येते. ती फुलं उचलून नेते, खिडकी उघडते. सकाळी लूसी गेलेली असते. या बाईला सिनेमा वाईट ठरवत नाही, आणि मीही ठरवू शकत नाही. वॉर्डात मी पाहिलं आहे, ऑपरेशननंतर पाणी द्यायचं नाही असं बजावलेलं असताना ‘घोटभरच’ म्हणून पाजणारी आई. रुग्णाच्या तोंडून रोगच बोलतो आहे हे जवळच्या माणसाला कळत नाही, कारण आवाज तर आपल्याच माणसाचा असतो.

व्हॅन हेल्सिंग याच गोष्टीची नोंद करतो. त्याच्याकडे मेणाच्या नळकांड्यांवर आवाज भरणारं यंत्र आहे, त्यात तो आपली टिपणं बोलून ठेवतो. व्हॅम्पायरला प्रकाश सहन होत नाही, सूर्यप्रकाश घातक. (कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या रस्त्यावर फिरतो. उन्हाने मरणं हे सिनेमावाल्यांनी १९२२ सालच्या जर्मन ‘नोस्फेराटू’पासून आणलं.) तो वटवाघूळ किंवा लांडगा होतो ही निव्वळ भाकडकथा, असंही व्हॅन हेल्सिंग सांगतो. आणि पुढे म्हणतो की बळी पडलेल्यांना मनातून याचा तिटकारा असतो, तरी ते सोडू शकत नाहीत, अमली पदार्थांच्या व्यसनासारखं. कुशिंग हे सगळं बाळंतीण तपासायला आलेल्या डॉक्टरच्या सुरात म्हणतो. त्याच्या कामात एक टापटीप आहे, पिशवी उघडणं, हत्यारं काढणं, ती परत जागेवर ठेवणं. हाताशी असलेल्या वस्तूंशी कुशिंग जेवढा जिव्हाळ्याने वागतो तेवढा दुसरा नट मी पाहिलेला नाही.

आता तो प्रसंग, जो आजीने पाहिला आणि मी नाही.

लूसी मेल्यानंतर रात्री उठून फिरते आहे. गेर्डाची लहान मुलगी टानिया, सात-आठ वर्षांची असेल, तिला ती हाताला धरून स्मशानात नेते. ‘लूसी आत्या’ बोलावते म्हटल्यावर मूल जाणारच. तिथे आर्थर पोचतो, लूसी त्याच्याकडेच वळते, आणि व्हॅन हेल्सिंग मध्ये येऊन क्रूस तिच्या कपाळाला लावतो. ती भाजते, किंचाळते, थडग्यात पळते. संगीत, किंकाळी, धूर, सगळं टिपेला पोचलेलं.

आणि मग सिनेमा थांबतो. कुठल्याही दिग्दर्शकाने तडक थडग्याच्या दारातून आत नेलं असतं. फिशर कॅमेरा त्या मुलीकडे नेतो. व्हॅन हेल्सिंग तिच्याशी बसून बोलतो. तिला घरी जायचं आहे. जाऊया हं, तो म्हणतो, मी होल्मवुडसाहेबांना घेऊन येतो आणि आपण जाऊ. लूसी आत्या नको ना? नाही, लूसी आत्या नाही. आपला जाड कोट काढून तिच्या अंगाभोवती गुंडाळतो. आता तू अस्वलाच्या पिल्लासारखी दिसतेस, असं म्हणतो. हा दागिना घालशील, म्हणत क्रूस तिला देतो. पळून जायचं नाही, कबूल? कबूल. आणि सांगतो, तिकडे बघत बस, थोड्या वेळाने तिकडून सूर्य वर येईल.

त्याचा आवाज या सगळ्यात एकदाही घाईचा होत नाही. आत काय उरलं आहे ते त्याला ठाऊक आहे, पुढच्या तासाभरात लूसीच्या छातीत ठोकायची खुंटी आणि हातोडा हातात घ्यायचा आहे हेही ठाऊक आहे. तरी कोटाची कॉलर तो नीट वर करतो.

त्या रात्री माडीवर मी थडग्याच्या दाराकडे डोळे लावून बसले होते, आता ती बाहेर येणार म्हणून. आजी मात्र मघापासून अस्वस्थ होती. ‘अगं त्या पोरीला कुणी बघा की! गारठली असेल,’ असं दोनदा म्हणाली. कोट अंगावर आला तेव्हा तिने सुस्कारा सोडला. ‘हां. आता बरं झालं.’ आणि मग माझ्याकडे बघून, ‘भला माणूस आहे गं हा. डॉक्टर आहे का?’

तिला भाषा येत नव्हती. पण भुताच्या सिनेमात ती मूल बघत होती. मला तिथे पोचायला पुढची वीसेक वर्षं आणि रक्तपेढीतल्या अनेक रात्रपाळ्या लागल्या. आजी ते बघायला नव्हती.

शेवटाबद्दल लांबण लावत नाही, ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो तोंडपाठ असतो. वाड्यात ड्रॅक्युला व्हॅन हेल्सिंगचा गळा आवळतो, तो मेल्याचं सोंग करून निसटतो, लांब टेबलावरून धावत जाऊन झेप घेऊन पडदे ओढून काढतो. ऊन आत येतं. दोन मेणबत्तीदाण्या एकमेकींवर आडव्या धरून तो क्रूस करतो, ही कल्पना कुशिंगचीच. ड्रॅक्युलाची राख होते, तिच्यात अंगठी उरते आणि वाऱ्याने राख उडते. बाहेर मीनाच्या तळहातावरचा क्रूस लागून भाजल्याचा डाग विरून जातो. ली आणि कुशिंग पडद्यावर एकमेकांचे जीव घेत राहिले, आणि आयुष्यभर जिवलग मित्र. कुशिंग १९९४ साली गेला, ली २०१५ साली.

कात्री लागलेले काही तुकडे कायमचे गेले असंच सगळे धरून चालले होते. टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्रात या सिनेमाची एक प्रत होती, १९८४ सालच्या आगीत तिची पहिली रिळं खराब झाली. उरलेली रिळं २०११ साली तपासली गेली तेव्हा त्यांत ते तुकडे निघाले. राख होण्याच्या प्रसंगात ड्रॅक्युला स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडतो, ते. आणि मीनाच्या खोलीतला प्रसंग, जिथे तो चावण्याआधी तिच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन रेंगाळतो. मेलिसा स्ट्रिब्लिंगच्या चेहऱ्यावर तिथे भीती आणि ओढ एकाच वेळी आहे. ती नीट केलेली प्रत मी पाहिली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की रक्त घेणाऱ्याकडेही एक प्रकारची जवळीक असते, आणि म्हणूनच तो दारातून आत येऊ शकतो. चोरासारखा आला असता तर गेर्डानेही ओरडून घर जागं केलं असतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अडीचला एक तरुण आला. बायको बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्यासाठी दोन पिशव्या मी क्रॉसमॅच करून, म्हणजे तिच्या रक्ताशी जुळवून, आधीच वर पाठवल्या होत्या, फ्रिजमधल्या, कुठल्यातरी शिबिरात कुणीतरी दिलेल्या. त्याला त्याचं काही नव्हतं. ‘माझं घ्या,’ म्हणाला. त्याला सांगितलं, तुमचं आत्ता तिला देता येणार नाही, तपासण्या व्हाव्या लागतात, ते दुसऱ्या कुणाला जाईल. ‘जाऊ दे की,’ म्हणाला आणि शर्टाची बाही वर करायला लागला.

पिशवी भरली, नळी बंद केली. त्याने हात पुढे केला, बघू का म्हणून. सहसा मी देत नाही. त्या रात्री दिली. त्याने ती दोन्ही तळहातांवर घेतली आणि एकदम माझ्याकडे पाहिलं.

‘गरम आहे हो.’

‘असतेच,’ मी म्हटलं, आणि किटलीतला चहा त्याच्यासाठी पेल्यात ओतला.